जीप आणि ठमीचे कान

३ नोव्हेंबर, सोमवार
जीप गोठ्यातून बाहेर आली. नऊ वर्षं तिथेच होती. मी आणि बाबा ढकलत होतो, माझी लेक ठमी आत सीटवर राणीसारखी बसली होती. सीटमध्ये उंदरांनी घर केलंय.

पूल खचल्यापासून बस बंद. शहरात जायचं तर नदीतून, आणि नदीतून जीपच जाते. कानांचा डॉक्टर दोन महिन्यांतून एकदाच येतो. आता २४ तारखेला.

बाबांना म्हटलं दाढ दुखते माझी. सासऱ्यांशी खोटं बोलले. काय करू - ठमीला दोन वर्षं झाली, एक शब्द नाही. लस टोचणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, कान दाखवून घे. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल असं वाटतं.

५ नोव्हेंबर, बुधवार
कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतला. एवढ्याशा भोकात केवढा कचरा! बाबा म्हणाले भांडी घासणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. कौतुक केलं का टोमणा मारला, कळलं नाही. पण बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
प्लगच्या चार वायरी काढल्या. कुठली कुठे लावायची ते विसरायला नको म्हणून मी प्रत्येकीला रंगीत दोरा बांधला. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. माझ्याच डोक्यातली युक्ती. बाबा खूश.

मग वायरी मळक्या दिसल्या म्हणून साबणाच्या पाण्यात टाकल्या. सगळ्यांचे रंग उतरले आणि लाल सगळ्यांवर चढला. आता चारही दोरे गुलाबी. बाबांना अजून बोलले नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
अंदाजाने लावल्या. बाबांनी हँडल मारलं आणि असा बार उडाला की कोंबड्या छपरावर. माझ्या हातातला पाना पायावर पडला.

ठमी दोन हातांच्या अंतरावर होती. वाटीत माती भरत होती. भरतच राहिली. मान पण वर केली नाही.

मी आत जाऊन पाणी प्यायले.

१० नोव्हेंबर, सोमवार
दोऱ्यांचं कबूल केलं. बाबा इतके हसले की ठसका लागला. मग प्लग काढले आणि मला एकेका भोकावर अंगठा ठेवायला लावला. ते हँडल हळूहळू फिरवत होते. ज्या भोकातून हवा अंगठा ढकलते त्याची पाळी. अशा चारही पाळ्या लावल्या आणि वायरी जागेवर बसवल्या.

चालू झाली! धूर, धडधड, सगळं अंगण हलत होतं. बाबांनी टोपी काढून बॉनेटवर ठेवली. मला का कोण जाणे रडू आलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
गरम झाली की बंद पडते. पेट्रोलचा पंप तापतो म्हणे. ठमीचा लंगोट ओला करून त्याला गुंडाळला. लगेच शहाणी झाली. ह्यांना फोनवर सांगितलं. हे लांब बोगद्याच्या कामावर असतात, हसायला काही मिळत नाही तिथे. म्हणाले, जीपला आता काजळ पण लाव.

ह्यांनाही कानाचं बोलले नाही. ओठांपर्यंत आलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
ठमीला अंघोळ. जीपला अंघोळ. मला वेळ नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
बाबा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनवर टेकवतात आणि मूठ माझ्या कानाला लावायला सांगतात. टकटक आहे का टिकटिक? जाड का बारीक? मी सांगते, मग ते बरोबर तोच नट फिरवतात. शाळेत मला कोणी असं परत परत विचारलं असतं तर पुढे शिकले असते.

नदीसाठी चारही चाकं फिरवणारा दांडा लागतो. तो सारखा उडून बाहेर येतो. बाबा म्हणाले, गुडघ्याने दाबून धरायचा. पूर्वीपण असंच करायचो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आज सगळं बाहेर आलं.

शेताच्या कडेने फेरी मारली. मी बाजूला, ठमी मांडीवर. मागून ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. बाबा रस्ता देईनात. मी ओरडले, तरी नाही. शेवटी दंड धरून ओढला तेव्हा बाजूला घेतली. ट्रॅक्टरवाला शिव्या देत गेला.

बाबांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "मला ऐकू येत नाही गं. तीन वर्षं झाली. म्हणून तर तुझे कान वापरतो."

मी ठमीला मांडीवर सावरून घेतलं.

"आणि तुझी दाढ दुखत नाही," म्हणाले. "ठमी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. मी पण तेच करतो. मला उन्हाळ्यातच कळलं."

उन्हाळ्यापासून! आणि मी एकटीच उशीत तोंड घालून रडायचे. मी तिथेच रडले, भर उन्हात. त्यांनी ठमीला घेतलं आणि तिला नट मोजायला दिले. रडून झाल्यावर हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

ह्यांनाही फोन केला. सगळं सांगितलं. हे म्हणाले, मी सुट्टी मागतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार
नदी ओलांडेपर्यंत बाबांनी चालवली. पाणी बॉनेटच्या खाली एक वीतभर. दांड्यावर त्यांचा गुडघा, गुडघ्यावर माझा हात. पलीकडे गेल्यावर बाबा उतरले आणि म्हणाले, आता गाड्या, हॉर्न, सिग्नल. तू बस स्टिअरिंगवर. मी माहेरी ट्रॅक्टर चालवलाय, पण पोर गाडीत नसायची तेव्हा. पोचलो.

डॉक्टरने ठमीच्या डोक्याला वायरी लावून तपासलं. ऐकू फार कमी येतं, पण अगदीच नाही असं नाही. यंत्र लावायचं. मी विचारलं बोलेल का. म्हणाले, सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा.

बाबांना खुर्चीत बसवलं, तुमचेही बघू म्हणाले. ते लहान मुलासारखे लाजले.

४ डिसेंबर, गुरुवार
यंत्रं आली. ठमीला दोन, बाबांना एक. ठमीने दोन्ही काढून दुधात बुडवायला घेतली. बाबांनी स्वतःचं काढून खिशात टाकलं. मी दोघांना ओरडले.

१६ डिसेंबर, मंगळवार
मी दिवसभर बोलते. हा पाना, ही वाटी, ही कोंबडी. घसा बसलाय. ठमी बघते नुसती. हे सुट्टीवर आलेत, हेही बोलतात. भीती जात नाही. पण आता तिघांत वाटलीय.

२९ डिसेंबर, सोमवार
ठमी बोलली. आई नाही, बाबा नाही. जीपमध्ये उभी राहून दांडा ओढला आणि म्हणाली - घर्रर्र. मी गियर टाकते तेव्हा होतो ना, अगदी तसाच आवाज.