ह्यांची पँट

पनवेल, रविवार, १३ ऑक्टोबर १९९६

गवत कापायचं मशीन आज एकदाचं चालवलं. दुकानात पेट्रोलचं नुसतं उचलूनच खांदा भरून आला होता, म्हणून विजेवरचं हलकं घेतलं. त्यात पात्याऐवजी नायलॉनची दोरी फिरते. दुकानदाराने बजावलं होतं, "वहिनी, साडी नेसून चालवायचं नाही, पदर गुंतेल. खडेही उडतात. जाड पँट, बूट, चष्मा हवाच."

घरात जाड पँट एकच. ह्यांची. होळीनंतर हे गेले, तेव्हापासून तिची घडी मोडली नव्हती. कमरेला नाडी आवळली, पाय दुमडले, बूटही ह्यांचेच घातले. आरशासमोर गेलेच नाही.

मागच्या कुंपणापाशी दोरीत वेल अडकली. बटण बंद करून प्लग काढला, आणि ओटीवरून सासूबाईंची हाक आली.

"मधू, टोपी घाल रं. ऊन लय हाय."

स्वतःच्या मुलाचं नाव त्यांनी इतक्या महिन्यांत घेतलं नव्हतं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती पँट तेवढी दिसली असेल. की सगळं कळूनही हाक मारली? विचारायचं तरी कसं? आणि मी 'अहो, मी आहे' असं का नाही म्हटलं?

त्यांच्याकडे न बघता आत गेले. खुंटीवरची ह्यांची टोपी घातली आणि ओटीकडे पाठ करून उरलेलं गवत कापत राहिले.

गवत संपलं, तरी मशीन बंद करवेना.