पॅनलला आवडेल अशी गोष्ट

प्रिय समीरदादा,

हे पत्र सुशीलाकाकू तुझ्या हातात देतील. त्या उद्या सकाळच्या गाडीने नागपूरला भाचीच्या बाळाच्या बारशाला निघाल्यात. खोलीवर दुसऱ्या कुणाकडे पाकीट ठेवायचं नाही आणि ऑफिसात तर मुळीच द्यायचं नाही, एवढंच मी त्यांना सांगितलंय. पाकीट घेताना त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दादा, दार लावून वाच आणि शेवटपर्यंत वाच. राग येईल, तो मला कबूल आहे.

आधी घरचं. बाबांचा गुडघा बरा आहे, आनंद नगरच्या बाजारापर्यंत पायी जाऊन येतात. आईने गच्चीवर कैऱ्या वाळत घातल्यात आणि माकडांशी तिचं रोजचं भांडण चाललंय. मला दिल्लीजवळच्या त्या विद्यापीठातून लॉच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं हे तुला माहीतच आहे. तेव्हा तूच फोनवर म्हणाला होतास, "एखादा चांगला क्लास बघ, तुला चार लोकांसमोर बोलायचं टेन्शन येतं." मी तुला दोष देत नाहीये. सगळ्या कॉलनीत केशव सरांचंच नाव होतं. जवाहर चौकात चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांचा क्लास. बाबा स्वतः माझ्याबरोबर आले. सरांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली, "बाबूजी" म्हणाले. जिना उतरताना बाबा मला म्हणाले, माणूस संस्कारी दिसतो.

आणि खरं सांगते, ते शिकवतात छान, इथल्या सगळ्या क्लाससारखंच हिंदीतून. एका खुर्चीवर आपण, समोर तिघं जण पॅनल म्हणून, आणि बाजूला स्टँडवर सरांचा मोबाइल, रेकॉर्डिंगला. नंतर ते रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून बघायचं. मी एका मिनिटात अकरा वेळा "मतलब" म्हणते आणि उत्तर येत नसेल तर वेणी ओढते, हे मला तिथे कळलं. तीन आठवड्यांत दोन्ही सवयी गेल्या. "पॅनलवाले तुमचं इन्स्टाग्रामही उघडून बघतात," असं म्हणून एक दिवस सरांनी प्रत्येकाचा फोन तपासला. लॉकचा नंबर विचारला, आम्ही दिला. शिक्षकच होते ना.

मग गोष्टी सुरू झाल्या. सर म्हणाले, "सब टॉपर हैं, सब डिबेट में फर्स्ट आए हैं. पॅनल को वो बताओ जो फॉर्म में नहीं है." सुयश म्हणून एक मुलगा आहे, त्याने लहानपणीच्या तोतरेपणाबद्दल सांगितलं. जुईने तिच्या आजीच्या आजारपणाचं. सरांनी दोघांनाही हात हलवून थांबवलं. "असली नहीं लग रहा." मग माझ्याकडे वळले. "तुम वकील बनोगी. बताओ, ऐसा कब हुआ कि सामने गलत हो रहा था और तुम चुप रहीं?"

दादा, मी सांगितलं. तेरा वर्षांची असताना एका सकाळी पाणी प्यायला उठले, तर तू जेवणाच्या टेबलाशी बसून तुझ्या मित्राच्या, तुषारच्या अ‍ॅडमिट कार्डावर तुझा फोटो चिकटवत होतास. तू दचकलास, मग मला जवळ ओढून म्हणालास, "त्याचे बाबा गेलेत, घरात कुणी कमावणारं नाही. एकच पेपर आहे. कुणाला सांगू नको, रेवू." मी पाच वर्षं नाही सांगितलं. त्याच्या जागी तू दिलेल्या पेपरावर तुषारला नोकरी लागली, त्याच्या लग्नात मी नाचले, आणि जेव्हा जेव्हा तो मला "छुटकी" म्हणून हाक मारायचा तेव्हा मी दुसरीकडे बघायचे. हे सगळं मी त्या खुर्चीत बसून, सरळ पाठीने, एकदाही "मतलब" न म्हणता सांगितलं. या वेळी सरांनी हात हलवून थांबवलं नाही. मला वाटलं, जमलं. खरंच सांगते, मला आनंद झाला होता.

सरांनी मुलांना सोडलं आणि मला थांबवलं. फार मायेने बोलले. "भाई अब कहाँ है?" मी सांगितलं, नागपूरला. कुठल्या खात्यात, तेही सांगितलं. तू दुसऱ्या प्रयत्नात सरकारी इंजिनिअर झालास, हे मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी काही लिहून घेतलं नाही, नुसती मान डोलावत राहिले.

पुढच्याच आठवड्यात ते आपल्या घरी आले. आईने पोहे केले, त्यांनी दोनदा मागून घेतले. भिंतीवरचा तुझा फोटो बघून म्हणाले, "लड़का होनहार है," आणि आपल्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला. सरांना मराठी कळत नाही असं धरून आई-बाबा आपसात मराठीत बोलत होते. तुझ्या लग्नाचं, वैजयंतीच्या घरचे डिसेंबरचा मुहूर्त धरतायत याचं. सर बशीत बघत हळूहळू चहा पीत होते. जाताना म्हणाले की मुलीचं लक्ष फोनमुळे उडतं, इंटरव्ह्यू होईपर्यंत तो माझ्याकडे राहू दे. बाबांनीच तो माझ्या हातातून घेऊन त्यांना दिला.

इंटरव्ह्यू काल झाला. ऑनलाइन होता, सरांच्याच ऑफिसात. लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे ते माझ्यासमोर बसले. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. एक बोट म्हणजे उत्तर आवर, दोन बोटं म्हणजे ती गोष्ट सांग. पॅनलवर एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी अगदी साधं विचारलं, "तुझ्याबद्दल फॉर्ममध्ये नसलेलं काहीतरी सांग." सरांनी दोन बोटं वर केली. दादा, का कोण जाणे, त्या दोन बोटांकडे बघून मला ती गोष्ट सांगवेना. तुझा चेहरा आला डोळ्यांसमोर, टेबलाशी दचकलेला. मी सांगितलं की मला माणसांसमोर बोलायची भीती वाटायची, म्हणून मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला भाषणं ऐकवायचे. बाई हसल्या. सरांची बोटं बराच वेळ तशीच वर होती.

लॅपटॉप मिटून ते म्हणाले, "अच्छा बोलीं. वो कहानी बचा ली? कोई बात नहीं, वो मेरे पास है." मग ड्रॉवरमधून माझा फोन काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. तुला गेलेला मेसेज होता, माझ्या नावाने. "दादा, बाबांना तुषारचं कळलंय. खूप चिडलेत. घरचा कुणाचाही फोन उचलू नको. रविवारी सकाळी थेट केशव सरांकडे ये, ते सांभाळून घेतील." मराठीत, दादा. मी लिहिते तसंच, शेवटी दोन टिंबं देऊन. त्यांना मराठी येतं हे मला तेव्हा कळलं. खाली तुझं उत्तर होतं, "ठीक आहे."

रविवारी भरतीची एक परीक्षा आहे. कुणा मोठ्या घरच्या मुलाच्या जागी तू बसायचंस. "बस एक पेपर," सर म्हणाले, "फिर रेकॉर्डिंग डिलीट." तू मला म्हणाला होतास तेच शब्द. नाहीतर रेकॉर्डिंग तुझ्या ऑफिसात जाईल, आणि वैजयंतीच्या घरीही. मी फोन मागितला, तर हसले. खाली आल्यावर चष्म्याच्या दुकानदाराने मला स्टुलावर बसवून पाणी दिलं.

काल संध्याकाळी आईच्या फोनवरून तुला चारदा लावला. आज सकाळी बाबांच्या. तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. तो मेसेज माझा नाही, दादा. यापुढे माझ्या नंबरवरून काहीही आलं तरी ते माझं नाही.

आणि आता मला जे खरं लिहायचंय ते. मेसेज पाठवला तेव्हा बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. आज दुपारी जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. आईच्या हातात आमटीचं झाकण होतं, ते तिने खाली ठेवलंच नाही. बाबांनी एकच विचारलं, "तेव्हा तू केवढी होतीस?" मी म्हटलं, तेरा. ते हात धुऊन आले, कागद घेऊन बसले आणि पोलिसांना तक्रार लिहायला लागले. सरांचं नाव, क्लासचा पत्ता, माझा फोन, रविवारची परीक्षा. मग थांबले. आई म्हणाली, फोन परत देत नाहीत एवढंच लिहा, पोराचं नाव नको, पाया पडते. बाबा म्हणाले, "ते रेकॉर्डिंग दाखवतील आणि मी खोटं लिहून दिलं असं होईल. अर्धी तक्रार देता येत नाही." ते आजच पोलीस ठाण्यात निघाले होते. शर्ट घातला होता. मी दारात उभी राहिले आणि शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली, तुझ्याबद्दलचं तू स्वतः लिहावंस म्हणून. नोकरी राहील का, लग्न राहील का, मला नाही सांगता येत. बाबांनाही नाही. शुक्रवारच्या गाडीने निघ आणि जवाहर चौकात नको, घरी ये. शनिवारी अकरा वाजता बाबा जाणार आहेत, तू असशील तर तुझ्याबरोबर, नसशील तर एकटे. तो कागद माझ्यासमोरच आहे. शेवटच्या ओळीत त्यांनी तुझ्या नावातला फक्त "स" लिहिलाय, आणि पेन तिथेच ठेवलंय.

तुझीच, आणि तुझ्यावर हे आणणारीही,
रेवू