शांत स्वभावाचा पेशंट

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण प्रकृती. माणसाला स्वतःकडे तटस्थपणे बघता आलं पाहिजे. मला ते जमतं.

तक्रारी: छातीत जळजळ, आंबट ढेकर, जेवण घशाशी येणं. कारण एकच, शिकाऊ ड्रायव्हर. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्याला पित्त न झालं तरच नवल. आज कॅशियरने (बँकेत नोटा मोजतो, गाडीत चार गिअर मोजता येत नाहीत) रिव्हर्सऐवजी पहिला टाकला आणि गाडी सलूनच्या शटरला टेकवली. मी त्याला समजावून सांगितलं. समजावणं ऐकायला सलूनमधली गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी बाहेर आली. माझा आवाज मुळातच खणखणीत आहे, त्याला मी काय करू.

घरी येऊन काळी कॉफी. मग आणखी एक. दूध घातलं नाही, तेव्हा पित्ताचा प्रश्न येत नाही.

५ मार्च, गुरुवार
झोपताना डोकं उंच असावं असं वाचलं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. मला उत्तम झोप लागली. बायको रात्रभर पायथ्याकडे घसरत होती म्हणे. सकाळपासून तिचं डोकं दुखतंय. तिचं डोकं हल्ली सारखंच दुखतं. कारण सापडत नाही.

होमिओपॅथी करून बघायला हवी. अडचण एवढीच की मागे बायकोनेच ती सुचवली होती आणि मी चारचौघांत म्हणालो होतो की समुद्रात एक गोळी टाकायची आणि पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन चमचाभर पाणी प्यायचं, याला होमिओपॅथी म्हणतात. लोक खूप हसले होते. विनोद अजून फिरतो. आता उघडपणे कसं जाणार?

१० मार्च, मंगळवार. दुपारी
गुपचूप जाऊन आलो. दवाखाना पुलापलीकडे, शिंप्याच्या दुकानावर. बाहेरच्या खोलीत बाकं आणि एक फिशटँक. डॉक्टर वयस्कर, गोड, गप्पिष्ट. पोट तपासलंच नाही, स्वभाव तपासला. म्हणाले, औषध रोगाला नसतं, माणसाला असतं, म्हणून सगळं खरं सांगा.

सगळं सांगितलं. राग? म्हटलं, कशाला येईल. खाणं? पक्ष्यासारखं. कॉफी? कोणी फारच आग्रह केला तर. बायकोशी कसं? म्हटलं, आजवर आवाज चढवलेला नाही. गाडीसुद्धा मीच शिकवली तिला, प्रेमाने. (पहिल्याच चौकात ती उतरून चालत घरी गेली ही गोष्ट वेगळी. शिकवण्यात प्रेम होतंच.) रडू येतं का? म्हटलं, दुसऱ्याचं दुःख बघून. काम? शिक्षणक्षेत्रात आहे.

डॉक्टर लिहायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. असा पेशंट क्वचित येतो म्हणाले. पल्सेटिला दिलं. मऊ, सोशीक, शांत माणसांचं औषध आहे म्हणे. एका नजरेत माणूस ओळखला.

पथ्य: कॉफी नाही, कच्चा कांदा नाही, उग्र वास नाही. गोळीला हात लावायचा नाही, झाकणात घेऊन थेट तोंडात. विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. शेवटचं कठीण आहे, बोलणं हा माझा धंदा आहे. चावून खातो.

आणि महत्त्वाचं: सुरुवातीला त्रास वाढू शकतो. वाढला तर औषध लागू पडलं समजायचं.

११ मार्च, बुधवार
तळलेले मासे खाल्ले. जळजळ वाढली. औषध लागू पडतंय.

१४ मार्च, शनिवार
कच्चा कांदा, कॉफी, वर अर्धा केक. त्रास फार म्हणजे फारच वाढला. डॉक्टर देवमाणूस आहे.

बायको दुपारी बाहेर गेली होती. डोकेदुखीसाठी एका डॉक्टरांकडे जाऊ लागले आहे म्हणाली. कोणाकडे, कशाकडे, मी विचारलं नाही. बायकोच्या बाबतीत चौकशा करत बसणारा नवरा मी नाही. शिवाय मी तेव्हा शेजाऱ्याशी पार्किंगवरून बोलत होतो आणि घसा बसला होता.

१७ मार्च, मंगळवार
डॉक्टरांना म्हटलं, जळजळ भरपूर आहे, अभिनंदन. त्यांना आश्चर्य वाटलं. एवढी शांत प्रकृती आणि एवढं पित्त, मेळ बसत नाही म्हणाले. मी म्हटलं, लोकांचं दुःख गिळतो ना, ते कुठेतरी जळणारच. त्यांना पटलं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, नाव न घेता. एक बाई त्यांच्याकडे डोकेदुखीसाठी येतात. डोकं ठीक आहे, डोकेदुखी नवरा आहे. गाड्यांच्या धंद्यातला कोणी आडदांड. साक्षात जमदग्नी. किटलीने कॉफी ढोसतो आणि मग छाती धरून घरभर कण्हतो. मला विचारलं, तुमच्यासारख्या माणसाने अशा बाईला काय सल्ला दिला असता?

फार वाईट वाटलं. कुठे कुठे बिचाऱ्या बायका नांदतात. म्हटलं, आधी कॉफीचा डबा लपवायला सांगा. आणि तो ओरडायला लागला की उत्तर द्यायचं नाही, शांतपणे दुसऱ्या खोलीत निघून जायचं. भिंतीवर ओरडून माणूस दमतो. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

परतताना हलकं वाटलं. परोपकारासारखं औषध नाही. पुलाखालच्या टपरीवर एक कॉफी घेतली.

२१ मार्च, शनिवार. रात्री
कॉफीचा डबा गायब. सगळं स्वयंपाकघर उपसलं. बायकोला विचारलं तर ती उत्तर न देता दुसऱ्या खोलीत गेली. मी बोलत होतो आणि ती निघून गेली. मी तिथेही गेलो तर ती पहिल्या खोलीत आली. शेवटी दम लागला.

मग शांतपणे म्हणाली, तिच्या डॉक्टरांकडे एक गृहस्थ येतात, अतिशय शांत, समजूतदार, त्यांनीच हे सुचवलं. आजवर बायकोवर आवाज चढवलेला नाही त्यांनी.

लोकांच्या घरात नाक खुपसणारे हे शांत गृहस्थ मला माहीत आहेत. वरून कीर्तन, आतून तमाशा.

२४ मार्च, मंगळवार
गोळ्या बदलल्या नाहीत, पोटेन्सी वाढवली. माझी शांतताही वाढली असावी, कारण आज डॉक्टरांनी आणखी सल्ला मागितला. त्या बाईंना त्यांची मोठी बहीण महिनाभर राहायला बोलावते आहे. जावं का? नवऱ्याचं कसं होईल, ही त्या माउलीला काळजी.

म्हटलं, तिला म्हणावं, आजच बॅग भर. त्याचे डोळे उघडायला दुसरा इलाज नाही. आणि असल्या माणसासाठी मागे वळूनसुद्धा बघू नये.

जरा कडक झालं, पण न्याय तो न्याय.

२८ मार्च, शनिवार
बायको तिच्या ताईकडे गेली. महिनाभर. बॅग भरून तयार ठेवली होती. मी विचारलं, माझं कसं होईल? म्हणाली, त्या शांत गृहस्थांनी जा म्हणून सांगितलं. मागे वळून बघितलं नाही. मी गॅलरीत उभा होतो, कोपऱ्यापर्यंत बघत होतो, म्हणून माहीत.

त्या माणसाचा पत्ता मिळाला पाहिजे. त्याला शांतता म्हणजे काय ते एकदा दाखवतो.

२९ मार्च, रविवार
एकटं राहण्याचे फायदे फार आहेत. विटा लावलेला पलंग पूर्ण माझा. कॉफीचा डबा पिठाच्या डब्यात सापडला. कोणी अडवणारं नाही. एकच कप घेतला. दुसरा करावासा वाटला नाही. विशेष कारण काही नाही.

४ एप्रिल, शनिवार
कॅशियर सोडून गेला. समोरच्या स्कूलमध्ये नाव घातलं. तिथली शिकवणारी बाई म्हणे ओरडत नाही. शिकवत नसणार.

फोनवर बायकोला सहज सांगितलं की जेवण जात नाही. म्हणाली, बरंच आहे, पित्त कमी होईल. मग म्हणाली, तीपण आता गाडी शिकते आहे. ताईच्या घराजवळ, एका स्कूलमध्ये. घरची स्कूल असताना. मी बोलायला लागलो तर फोन टेबलावर ठेवून ती दुसऱ्या खोलीत गेली. चालण्याचा आवाज आला मला.

१४ एप्रिल, मंगळवार
वजन उतरलं. जळजळ आहे तशीच, खाल्ल्याशिवायसुद्धा. डॉक्टर काळजीत. सगळी पुस्तकं काढून बसले होते. म्हणाले, लक्षणं एका माणसाची आणि स्वभाव दुसऱ्याचा असं वाटतं. म्हटलं, मोठ्या माणसांचं असंच असतं.

विषय बदलायला मीच त्या बाईंची चौकशी केली. त्यांचं डोकं दुखायचं थांबलंय. गाडी शिकताहेत. नवरा शिकवायला बसला की खेकसायचा म्हणे. हल्ली सगळ्याच बायकांना गाडीची हौस आली आहे, धंद्याला चांगलं. डॉक्टरांनी विचारलं, आता त्यांनी घरी परत जावं का?

का कोण जाणे, त्या जमदग्नीची दया आली. रिकाम्या घरात बसला असेल. म्हटलं, जावं, पण एका अटीवर. बायको गाडी चालवेल, तो शेजारी बसेल आणि तोंड बंद ठेवेल. तेवढं जमलं तर माणूस सुधारला समजावं.

डॉक्टर म्हणाले, त्या बाईंना तुम्हाला एकदा भेटायचं आहे. म्हणतात, असा माणूस खरंच असतो का ते बघायचंय.

कोणीतरी आपल्याला असं म्हणतं, बरं वाटलं. बायकोला सांगायला हवं होतं. घरी येऊन आठवलं, ती नाही.

२५ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ
शनिवारी पूर्वी शिकाऊंची रांग असायची. आता शनिवार मोकळाच असतो. जळजळ सोसेना म्हणून मंगळवारची वाट न बघता गाडी काढून दवाखान्यात गेलो. फिशटँकसमोर बसलो. आतून आधीचा पेशंट बाहेर आला. बायको.

माझ्या मनात एकच आलं: आता समुद्राच्या विनोदाचं काय सांगायचं. तिच्याही मनात तेच आलं असावं, कारण तिने हातातली गोळ्यांची बाटली पर्समध्ये लपवली.

तेवढ्यात डॉक्टर दारात आले आणि खूश झाले. तिला म्हणाले, बाई, योग बघा, तुम्हाला भेटायचं होतं ना, हेच ते शांत गृहस्थ. बायकोने मान वळवून माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. डॉक्टर मला म्हणाले, आणि याच त्या बाई. मीही मागे बघितलं. मागे मासे होते.

डॉक्टरांनी विचारलं, तुमची ओळख आहे की काय? बायको म्हणाली, थोडीशी.

मग आम्हा दोघांना आत बसवलं. डॉक्टरांनी माझा जुना केसपेपर फाडला, हळूच, जणू त्याला दुखेल. नवा घेतला. प्रश्न तेच, पण या वेळी माझ्याऐवजी तिला विचारले. राग, कॉफी, केक, शेजारी, विटा. तिने सगळं सांगितलं. एकदाही आवाज चढवला नाही. मी एक-दोनदा दुरुस्ती करायला गेलो तर डॉक्टरांनी बोट वर केलं.

शेवटी ती म्हणाली, डॉक्टर, हे असे आहेत हे मला लग्नापासून माहीत आहे, त्याचं काही नाही. पण तो माणूस खोटा निघाला याचं वाईट वाटतंय. मला तो आवडायला लागला होता.

डॉक्टरांनी खाली मान घालून शेवटचा प्रश्न विचारला. रडू येतं का? बायको नाही म्हणणार होती. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. पित्त डोळ्यांपर्यंतही चढतं, हे कोणत्याच पुस्तकात दिलेलं नाही. डॉक्टरांनी नक्स व्होमिका लिहिलं होतं, तापट माणसांचं. पेन थांबलं. पुन्हा पल्सेटिला द्यावं का म्हणून विचारात पडले. बायको म्हणाली, नक्सच द्या, एवढ्याने वाहून जाऊ नका.

खाली आल्यावर तिने गाडीची किल्ली मागितली. शिकाऊ लायसन्स पर्समधून काढून दाखवलं. मी शेजारी बसलो, माझ्या जादा ब्रेकवरून पाय काढून. तोंड उघडलं तेवढ्यात तिने बाटलीच्या झाकणात गोळ्या घेऊन माझ्या तोंडात टाकल्या. म्हणाली, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तोंड बंद ठेवायची अट तुमचीच.

पुलावर तिसऱ्याऐवजी चौथा टाकला. मी जीभ हलवली नाही. सिग्नलला दुसरा डोस. घराकडचं वळण आलं आणि ती वळलीच नाही, सरळ ताईच्या घराकडे निघाली. राहायला जाते आहेस की काय, एवढंच विचारायचं होतं. गोळी अर्धी शिल्लक होती.

ताईच्या दारात गाडी थांबवली, बसून राहा म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ गेला. गोळी कधीच विरघळली होती, तरी मी तोंड उघडलं नाही. मग ती बॅग घेऊन बाहेर आली, बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसली.

गाडी फुटपाथपासून हातभर लांब, तिरकी लावलेली होती. चाकंही सरळ केली नव्हती. हे मी तिला अगदी शांतपणे सांगणार होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि बाटलीचं झाकण उघडलं.