धाकट्याची साक्ष

धाकट्या,

रविवारी, चौदा मार्चला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू चर्चमध्ये उभा राहून साक्ष दिलीस, "मी आजारी आईला टाकलं. प्रभूने मला माफ केलं, माझं ओझं उतरलं." लोकांनी तुला मिठ्या मारल्या आणि नंतर चहा पिताना तू खुशाल हसत होतास.

आईचं ओझं कोणी उचललं रे? दोन वर्षं तिला कुशीवर वळवत होते ती मी. तू फिरकलाही नाहीस. देवाची माफी चारचौघांत मागितलीस, माझी कोपऱ्यातसुद्धा नाही. कॉन्व्हेंटातल्या मदर म्हणायच्या, खरा पश्चात्ताप दाराची कडी वाजवतो. माझी कडी गंजली.

म्हणून त्या दिवशी चहानंतर मी चर्चमध्येच थांबून पाळत ठेवली. सगळे गेल्यावर तू बाक पुसायला थांबलास. म्हटलं, आता मुखवटा उतरेल. तर तू आईचं गाणं म्हणायला लागलास, बेसूर, कुणी ऐकत नाही असं समजून. खांबाआड माझेही ओठ हलले. आई गेल्यापासून मी गायले नव्हते. हाही अपराध तुझ्याच नावावर.

हे पत्र टाकायला निघाले आणि चपला काढून परत लिहायला बसले. तरी सांगते, माझी माफी मागायला येणार की नाही, ते शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव. येणार असशील तर दुसरं कडवं पाठ करून ये. ते तू चुकवतोस, आणि मला एकटीला पुरं म्हणवत नाही.

जिची माफी मागायची राहिली आहे ती,
तुझी ताई