गुलाबी फुलाला सगळे निळं म्हणतात

आदरणीय तोकुजिरोदादा यांस,
हेइहाचीचा वाकून नमस्कार.

इकडे इझूला पावसाची झड लागली आहे. तांदळाच्या डब्यात ओल शिरली आहे, आणि हा कागदही शाई पिऊन फुगतो आहे, तेव्हा अक्षर फुटलेलं दिसलं तर दोष माझ्या हाताला देऊ नये. तुमच्या डोंगरात अजून गारवा असेल. गुडघा कसा आहे? पर्सिमनला यंदा फळ धरलं का? (तुमच्या पर्सिमनवर मी एकदा कविता केली होती. तुम्ही ती मला जेवताना वाचायला लावलीत आणि ऐन शेवटच्या ओळीला लोणचं मागितलंत. मी ते केव्हाच विसरलो.) आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे तुमची बहीण सोडून, पण शिगेचं आमच्या मोरिओने नवीन वर्षाच्या कार्डात कळवलंच होतं. पोट उघडलं, पाहिलं आणि परत शिवलं. पानगळीच्या सुमाराला डॉक्टरांनी घरी पाठवलं. आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे त्यांनी इतक्या नम्रपणे सांगितलं की मी उठून त्यांचे आभार मानले. तिचा बिछाना बागेकडच्या खोलीत घातला आहे. तुम्ही मुद्दाम येण्याची तसदी मात्र घेऊ नये. प्रवास लांबचा, त्यात गाड्या बदलायच्या, आणि इथे आमचं सगळं व्यवस्थित चाललं आहे.

त्या खोलीतून तिला हायड्रेंजियाचं झाड दिसतं. हे तेच झाड, लग्न होऊन येताना तिने तुमच्या आईच्या अंगणातून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या काडीचं. किती तरी वर्षं ते निळं फुललं, शाळेत आमच्या गुरुजींच्या दौतीत असायची तशा निळ्या रंगाचं. मग शेजारच्या उसुईंनी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत घातली. पाऊस पडला की तिच्यातला चुना मुळाशी उतरतो, आणि तेव्हापासून झाड गुलाबी फुलायला लागलं. तुमच्याकडची सगळी रांग तर तुम्ही आईच्या तेराव्या स्मरणदिनाच्या वर्षी गाडी उभी करायला जागा हवी म्हणून काढून टाकलीत. (त्यात मी बोलणारा कोण. आता गाडीही विकलीत असं कानावर आलं, तेही असो.) त्या दिवसापासून तुम्हा बहीणभावात बोलणं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण त्यामुळे त्या वाणाचं हे एकच झाड उरलं, आणि ते यंदा एकदा निळं फुललेलं बघावं, एवढीच तिची इच्छा आहे. दुसरं ती काही मागत नाही. औषधसुद्धा मागत नाही, आपणच नेऊन द्यावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. फुलं सुकायला लागली की लगेच छाटणी करायची, उशीर करायचा नाही, कारण पुढच्या वर्षाच्या कळ्या हे झाड उन्हाळा सरतानाच धरतं. शिगे ओसरीवर पंखा घेऊन बसली होती आणि मी कात्री घेऊन चिखलात. "तिथे नाही, खालच्या डोळ्यावर. अहो, कविता करताय की छाटणी?" असं ती म्हणत होती, आणि पोटात कळ आली की मध्येच थांबत होती. मला वाटलं, कलिंगड बाधलं असेल. त्या दुपारी मी तिच्याकडून जितकी बोलणी खाल्ली तितकी सबंध वर्षात पुन्हा मिळाली नाहीत. त्या वेळी मला त्यांची किंमत कळली नाही.

पानगळीत ती घरी आली, तेव्हा आईला काय द्यावं या विचाराने मोरिओ कासावीस झाला होता. (तुमच्या भाच्याचा स्वभाव तुम्ही जाणताच. त्याला दुःख झालं की तो अवजार विकत आणतो.) त्याने विजेवर चालणारी छाटणीची करवत आणली आणि मी दवाखान्यातून औषधं आणायला गेलो तेवढ्या वेळात, आईला बाग नीटनेटकी दिसावी म्हणून, झाड चहूबाजूंनी गोल कापून टाकलं, भिक्षूच्या डोक्यासारखं. सगळ्या कळ्यांसकट. भिंतीकडच्या चार-दोन काड्या वाचल्या, त्याही वायर तिथवर पुरली नाही म्हणून. मी दारातच छत्री टेकून उभा राहिलो. आता शिगे काय बोलेल याची मला धास्ती होती. एवढ्या वर्षांच्या संसारात चुकीच्या ठिकाणी घातलेला एकही घाव तिने बोलल्याशिवाय सोडलेला नाही. ती उशीवरून बघत होती. मग म्हणाली, "छान झालं हं. दमला असशील, चहा घे." मोरिओ खूश होऊन चहा प्यायला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

थंडीत मी त्या उरलेल्या काड्यांना जिवापाड जपलं. पेंढा कमी पडला म्हणून माझे जुने लोकरी गंजीफ्रॉक त्यांना घातले, वर टोपी ठेवली. उसुईंची नजर अधू आहे. ते रोज सकाळी भिंतीवरून त्या गंजीफ्रॉकांना वाकून नमस्कार करत आणि "आज शिगेबाईंना कसं आहे?" असं विचारत. उत्तर मिळत नसे, तेव्हा मला दुःखाने वाचा फुटत नाही असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. त्यामुळे लोक आमच्याकडे हळू आवाजात बोलायला लागले. नवीन वर्षाची तांदळाची मोची सूनबाईने नखाएवढे तुकडे करून सासूला भरवली. शिगेने दोन खाल्ले आणि उरलेले माझ्याकडे सरकवले. मी शाळेत पाठ केलेली बर्फावरची कविता म्हणून दाखवली. दुसरं कडवं मला कधीच आठवत नाही. पूर्वी ती ते मुद्दाम चुकीचं रचून पुरं करायची आणि मला चिडवायची. या वेळी मी जिथे थांबलो तिथे तीही थांबली.

वसंतात मी मातीच्या मागे लागलो. झाडाला निळेपणा तुरटीने येतो, हे कुणीही सांगेल. घरात तुरटी असते ती वांग्याच्या लोणच्याचा जांभळा रंग टिकावा म्हणून. ती मी सगळी मुळाशी ओतली. शिवाय व्हिनेगर, चहाचा चोथा आणि गंजके खिळे. बागेला खानावळीचा वास यायला लागला, आणि मांजरांनी वेगळी वाट धरली. सूनबाई चिझुको हातात बरणी घेऊन आली. "बाबा, लोणचं मातीच्या रंगाचं झालंय. तुरटी कुठे गेली?" मी म्हणालो, झाडाला दिली. ती बरणी ठेवून दुकानात गेली आणि तुरटीची दोन पाकिटं घेऊन आली. दोन्ही तिने माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "लोणचं तपकिरीच खाऊ यंदा." अशी सून मिळायला भाग्य लागतं. (तिचं माहेर मासळीवाल्यांचं म्हणून तुम्ही नाक मुरडलं होतंत, तेही मी विसरलो आहे.)

जूनमध्ये ठरल्या दिवशी संडासात हायड्रेंजियाचं फूल उलटं टांगायची शिगेची रीत तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आईचीच ती. म्हातारपणी तिथल्या कामाला दुसऱ्याचा हात लागायची पाळी येऊ नये म्हणून देठाला कागद बांधायचा आणि त्यावर आपलं नाव लिहायचं. आमच्या झाडावर अजून नुसत्या कळ्या होत्या, म्हणून मी देवळाच्या पायऱ्यांवरून एक फूल घ्यायला गेलो, आणि भटजींच्या बायकोने मला धरलं. "हवं तर मागायचं आजोबा, छत्रीत काय लपवताय? कवितेसाठी का?" मी म्हणालो, नाही, संडासासाठी. त्यावर त्या माउलीने आणखी एक तोडून दिलं. घरी येऊन मी ब्रश भिजवला आणि शिगेचं नाव लिहायला घेतलं. ती बिछान्यातून म्हणाली, "माझं नको. माझं आता चिझुकोच्या हातात गेलं. तुमचं लिहा. तिला दोघांचं व्हायला नको." मी माझं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

आणि परवा आमचं झाड फुललं. भिंतीकडच्या त्या काड्यांवर तीन फुलं आली. दादा, ती गुलाबी आहेत. आजवर नव्हती इतकी गुलाबी, लहान मुलीच्या उत्सवातल्या किमोनोसारखी. उसुईंची भिंत माझ्या सगळ्या तुरटीला पुरून उरली. मी सकाळी सरकतं दार उघडलं, तेवढ्यात चिझुको मागून म्हणाली, "आई, निळसर आहे नाही का?" मोरिओ म्हणाला, निळंच आहे. औषध द्यायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या, किती सुंदर निळं. उसुई तर भिंतीवरून म्हणाले की असं निळं त्यांनी जन्मात पाहिलं नाही, आणि त्यांच्या बाबतीत ते खरंही असेल. मीही म्हणालो. शिगेने आमच्या सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, हसली आणि म्हणाली, "हो, निळं आहे. फार कष्ट घेतलेत सगळ्यांनी." मग तिने कूस बदलून खोलीतल्या भिंतीकडे तोंड केलं.

असं आमचं चाललं आहे. काळजी करू नये. पावसात गुडघ्याला ऊब द्यावी आणि वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
हेइहाची

ता. क. सोबत वांग्याचं लोणचं पाठवतो आहे. रंगाकडे बघू नये.

ता. ता. क. वर मी येण्याची तसदी घेऊ नये असं लिहिलं आहे. ते सभ्यपणा म्हणून लिहिलं, कृपा करून खरं धरू नये. फुलं आहेत तोवर या. फुलं लवकर जातील असं नाही, मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. इथे येणारा प्रत्येक जण चांगलं बोलतो, दादा. डॉक्टर, शेजारी, मुलगा, सून, मी. आम्ही सगळे तिच्याशी इतकं गोड बोलतो की तिला आपलं काय व्हायचं आहे ते कळून चुकलं आहे, आणि आता तीही आमच्याशी तसंच बोलते. माणूस अजून घरात आहे, पण आपल्यातून उठून गेल्यासारखं. जन्मात तिच्याशी कुणी खरं भांडलं असेल तर ते तुम्ही. मी कसला भांडणार, मला दुसरं कडवंच येत नाही. तुम्ही या, उशाशी बसा, बाहेर बघा आणि तिला सांगा की फूल गुलाबी आहे.

ता. ता. ता. क. ती गाडीचा विषय काढेल. अंगात जीव असेतोवर ती तो सोडायची नाही, आणि माझी सगळी आशा त्यावरच आहे. तेव्हा एक विनंती: दारातून आल्या आल्या माफी मागू नका. तुम्ही माफी मागितलीत तर ती तुम्हाला लगेच माफ करून टाकेल.