टँकर फ्रेमच्या बाहेर

येवला बसस्थानक
बुधवार

प्रिय ज्योत्स्ना,

'प्रिय' लिहून बराच वेळ पेन नुसतं धरून बसलो. खोडत नाही, असू दे. तू मला ब्लॉक केलंयस म्हणून कागदावर लिहायची वेळ आली. शाळा सोडल्यापासून एवढं सलग काही लिहिलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. कागदसुद्धा अल्बमच्या ऑर्डरफॉर्मची मागची बाजू आहे. पत्ता तुझ्या घरचा, नाशिक रोडचाच घालतोय. तुझे पप्पा आधी वाचतील. वाचू देत. माझ्याबद्दल त्यांचं मत आधीच एवढं वाईट आहे की त्यात आता भर ती काय पडणार.

इथे लग्नाच्या शूटिंगला आलो होतो. पाठवणीला नवरीची आई रडली आणि नेमकी तेव्हाच माझी बॅटरी संपली. दुसरी घालेपर्यंत बाईंनी डोळे पुसलेले. मग नवरीचे मामा म्हणाले, आक्का, जरा उजवीकडे वळून परत एकदा. आणि त्या वळून परत रडल्या गं, आधीपेक्षा जास्त. आता यातलं खरं रडणं कुठलं? नंतर पंगतीत कळलं की मुलीच्या अंगावरची पैठणी त्यांनीच विणली होती, सात महिने मागावर बसून. मागाचा एक फोटो घेऊ का विचारलं, तर मामा म्हणे, ते ऑर्डरमध्ये नाही. डोकं फिरतं माझं. पण मी पैठणीवर लिहायला बसलेलो नाही, भरकटलो.

कुसाबाईच्या पाड्यावरचा टँकर बंद झालाय. माझ्या फोटोमुळे. एवढंच पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

तुला पाडा आठवत असेल. पश्चिमेला घाट चढून गेल्यावरची ती तेवीस घरं, आणि शेवटच्या घरातली कुसाबाई, जिनं तुला नागलीची भाकरी खायला घातली आणि मला विचारलं की ही तुझी कोण. गेल्या एप्रिलमध्ये नळयोजनेच्या कंत्राटदारानं मला तिथे पाठवलं होतं, तूही सोबत आली होतीस. प्रत्येक घरासमोर नळ बसलेला, प्रत्येक नळाचा एक फोटो हवा, खाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश छापलेले, आणि नळाला पाणी दिसलं पाहिजे. पाणी नव्हतंच. मग कंत्राटदाराचा माणूस, तो दीपक, टँकर घेऊन आला, वरच्या टाकीत पाईप सोडला आणि मला म्हणाला, पंधरा मिनिटं चालेल, पळ. मी पळालो. तेवीस घरं, तेवीस फोटो. शेवटी कुसाबाई. हंड्यात पडणारं पाणी, उन्हात उडालेले थेंब आणि त्यामागे तिचं उरलेल्या चार दातांचं हसू. आयुष्यात तसा फोटो माझ्याकडून परत निघालेला नाही, हे आजही सांगतो. वाईट वाटतं, पण सांगतो.

परत येताना घाटातल्या चहाच्या टपरीवर आपण भांडलो. तू म्हणालीस, हे खोटं आहे. मी म्हणालो, कुठे खोटं आहे ते बोट ठेवून दाखव. तारीख खरी, जागा खरी, नळ खरा, पाणी खरं, हसू तर सगळ्यात खरं, म्हातारीला कोणी हसायला शिकवलं नव्हतं. त्यावर तू चहा अर्धाच ठेवून गाडीकडे निघालीस. मला वाटलं, जिंकलो. तुला नाशिक रोडला सोडलं, तू मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस, तरी मला जिंकल्यासारखंच वाटत होतं. पुढे त्याच फोटोला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. नाव दिलं होतं 'पाणी आलं'. तुला बोलावलं होतं. आली नाहीस.

तो फोटो तसा निघण्यात यादवकाकांचाही हात आहे, ज्यांच्या स्टुडिओत मी हे सगळं शिकलो. काका म्हणायचे, कॅमेरा उचलायच्या आधी काय सोडायचं ते ठरव. नवरा-नवरी घ्यायचे, मागची एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी सोडायची. बाळ घ्यायचं, त्याला धरणारा आईचा हात सोडायचा. मला ते इतकं छान जमायला लागलं की काका गिऱ्हाइकांना माझं उदाहरण द्यायचे. त्या दिवशीही दोन पावलं डावीकडे सरकलो आणि टँकर सोडला. मुद्दाम नाही गं. म्हणजे मुद्दामच, पण लबाडी म्हणून नाही. तो पिवळा रंग फ्रेममध्ये डोळ्यांत खुपत होता. बस, एवढंच कारण. याचाच मला जास्त राग येतो.

मागच्या आठवड्यात सहज गाडी काढून तिकडे गेलो, काजूचा मोहर शूट करायला. मोहर गळून गेलेला, तेही मला माहीत नव्हतं. परतताना कुसाबाई दिसली, डोक्यावर दोन हंडे घेऊन ओहळातून चढत होती. खाली झिरा आहे, खणलेल्या खड्ड्यात झिरपेल तेवढं पाणी वाटीनं भरायचं. दर उन्हाळ्यात पाड्याला टँकर मिळायचा, यंदा मंजूरच झाला नाही, कारण कागदावर घरोघरी नळाला पाणी आहे. शेजारची चिमणाबाई त्याच उतारावर घसरली, पाय प्लास्टरमध्ये. मी हंडे घ्यायला पुढे झालो तर कुसाबाईनं घेऊ दिले नाहीत. रागानं नाही. नुसतं म्हणाली, "तू ये ना परत फोटो काढाया. तू आलास का पाणी येतं."

ती थट्टा करत होती की खरंच तसं समजत होती, मला अजून कळलेलं नाही. दोन्ही धरून बघितलं. दोन्ही सारखंच लागतं.

तिथून सरळ तालुक्याच्या पाणीपुरवठा कार्यालयात गेलो. क्लार्कनं फाईल उघडली, वरतीच माझा फोटो. मी सांगितलं, तो मीच काढलाय, पाणी टँकरचं होतं. त्यांनी चष्मा काढून फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "फोटोत पाणी दिसतंय." मी परत सांगितलं. ते परत तेच. अर्धा तास, ज्योत्स्ना. शेवटी म्हणाले, तोंडी कसं चालेल, टँकर दिसणारा फोटो आणा, सोमवारी टंचाईची बैठक आहे, तिथे ठेवतो. दीपकला फोन लावला तर तो विचारतो, कुठला टँकर? घरी जाऊन सगळी कार्डं उलटीपालटी केली. तेवीस फोटो. एकातही टँकर नाही, पाईप नाही, चाकाची खूण नाही. मी काम चोख करतो ना.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या दिवशी तू टाकीच्या कठड्यावर चढून मोबाईलवर एक फोटो काढला होतास आणि संध्याकाळी मला पाठवला होतास, सोबत एक अक्षरही न लिहिता. त्यात सगळं होतं: टँकर, पाईप धरलेला दीपक, हंडा घेऊन उभी कुसाबाई, आणि तिच्यासमोर उकिडवा बसून, हात हलवत 'हसा हसा' म्हणणारा मी. म्हणजे शिकवलं होतं मी तिला हसायला. टपरीवर तुझ्याशी खोटं बोललो, आणि वर्षभर स्वतःशीही. मी तुला उत्तर पाठवलं होतं की क्षितिज तिरकं आहे, अर्धी माणसं कापली आहेत, डिलीट कर. माझ्याकडचा मी तेव्हाच पुसला. तू माझं ऐकलं नसशील, एवढीच आशा आहे. कधी ऐकलंयस? असला तर सोमवारच्या आत पाठव, आहे तसा, तारखेसकट. कंत्राटदार मला परत उभं करणार नाही, बक्षीसवालेही बक्षीस परत मागतील, मागू देत. तू चांगली आहेस म्हणून सांगतो, माझं तोंड दिसतंय तो भाग कापून पाठवशील. कापू नकोस.

तुझाच, म्हणू देशील तर,
लखन