या खेपेला तरी मरू नकोस

नेब्रास्का, ६ मार्च १९५४

ती. ऑर्विनदादास वेल्माचा सा. न.

नव्या सिनेमातला तुझा न्यायाधीश पाहिला. मिशी कुठून आणलीस रे? गेल्या वर्षीचा घोडेचोर आणि हा एकच माणूस, हे शेजारच्या हल्वर्सनबाई मानायलाच तयार नाहीत. पाद्री, न्हावी, दारुडा डॉक्टर, सगळं झालास. पण काहीही झालास तरी शेवटी मरतोस मात्र नेमाने!

आई अजून थिएटरची पायरी चढलेली नाही. म्हणते, पोटच्या पोराला मरताना बघायला तिकीट काढू होय? पण तुझ्या बातम्यांची कात्रणं उशीखाली ठेवून झोपते. डॉक्टर म्हणतात, तिचं हृदय थकलंय, हे वर्ष निघालं तर नशीब. दादा, तिच्यासाठी एका सिनेमात तरी जिवंत राहा ना.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वेल्मा

लॉस एंजेलिस, २२ मार्च

चि. वेल्मास अ. उ. आ.

मिशी डिंकाची होती, काढताना कातडीही आली. सध्या मी स्टेशनमास्तर आहे. पटकथेत हा मास्तर जगणार होता, म्हणून मी खुशीत होतो. काल दिग्दर्शकाने बेत फिरवला. मास्तरला गोळी लागली की लोक हळहळतील म्हणे. मी हातापाया पडलो, तर म्हणतो, तुझ्याइतकं छान मेल्यासारखं दुसरं कोण पडून राहतं? कॅमेरा कितीही जवळ येवो, माझा श्वास दिसत नाही, यावरच आजवर पोट भरलं. तेच आता मुळावर आलं बघ.

तरीही हा सिनेमा तिकडे लागला की आईला ने. मी पडलो की तिला उठू देऊ नकोस, माझ्या कोटाच्या बटणांकडे बघायला सांग.

आईला सांभाळ, स्वतःलाही.
तुझा दादा

नेब्रास्का, ११ जुलै

ती. दादास सा. न.

आईने चर्चची निळी टोपी घालून सिनेमा पाहिला. तुला गोळी लागताच ती उठलीच. मी ओढून बसवलं, बटणं बघ म्हटलं. तू फलाटावर पडलेला, सगळं थिएटर मुसमुसतंय, आणि तुझं मधलं बटण हळूच वर आलं, खाली गेलं. आई भर अंधारात ओरडली, माझा ऑर्विन जिवंत आहे म्हणून! हल्वर्सनबाई म्हणाल्या, अहो, मेला तो. आई म्हणाली, डोळे तपासून घ्या. येताना तिने आइस्क्रीम खाल्लं. मला मात्र रडू आवरेना.

इथल्या वर्तमानपत्राने लिहिलंय, या खेपेला तुझं मरण कच्चं वाटलं. ते कात्रण आईच्या उशीखाली आहे. तिचा निरोप, यापुढे असाच कच्चा मरत जा.

आम्हा दोघींची आठवण ठेव.
वेल्मा